पात्र क्रमांक नऊ

ओजस जामदारांच्या नव्या कादंबरीत काही केल्या खून होईना.

सन २०८१ मध्ये रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसापुढे याहून मोठी अडचण नसे. पूर्वी लेखक टेबलाशी बसून ठरवायचा, की मामाने भाच्याला विष घालायचं, आणि भाचा बिचारा मुकाट्याने मरायचा. मामाच्या हातून असं काही होईल का, हे कुणी विचारत नसे. आता वाचक विचारू लागले होते. प्रत्येक रहस्यकादंबरीच्या मलपृष्ठावर 'खूनदर' छापलेला असे, आणि तो पाहिल्याशिवाय कुणी पुस्तक हातात घेत नसे.

खूनदर समजायचा, तर आधी कथायंत्र समजून घ्यायला हवं. ते अवघड नाही. उद्या पाऊस पडेल का, हे सांगणारी माणसं काय करतात? आजची हवा गणितात मांडतात आणि उद्यापर्यंत चालवून बघतात. मग वाऱ्याचा वेग किंचित बदलून पुन्हा चालवतात, उष्णता अर्ध्या अंशाने वाढवून पुन्हा चालवतात. शंभरांपैकी सत्तर वेळा पाऊस पडला, तर 'पावसाची शक्यता सत्तर टक्के' असं आपल्याला सांगतात. कथायंत्र हेच करायचं, फक्त हवेच्या जागी माणसं असत. लेखकाने पात्रं द्यायची, त्यांची नाती द्यायची, एखादी ठिणगी टाकायची, म्हणजे मृत्युपत्र किंवा आटलेली विहीर असं काही, आणि यंत्राने ते घर वर्षभर चालवून बघायचं. एकदा नाही, हजार वेळा. दर वेळी काहीतरी लहानसं वेगळं. कधी कुणाला सर्दी व्हायची, कधी कुणाची बस चुकायची. या हजारांपैकी जितक्या वेळा खून झाला, तो त्या कथेचा खूनदर. तो शंभरच्या खाली असला तर वाचक म्हणत, हे ओढूनताणून आहे. तीनशेच्या वर गेला तर म्हणत, यात रहस्य कसलं, हे होणारच होतं. यंत्रात घडलेल्या खुनांपैकी जो मनाला भिडेल तो लेखकाने निवडायचा आणि आपल्या शब्दांत लिहून काढायचा.

ओजसच्या कथेचा खूनदर होता शून्य.

"काका, तुमची माणसं फार चांगली आहेत," यमुना म्हणाली. डॉ. यमुना एरंडोले सांगलीच्या कथायंत्र केंद्राची प्रमुख होती. वय पस्तीस. तिच्या पिढीत जुनी नावं परत आली होती. ओजस, शौर्य, अद्वैत ही आता म्हाताऱ्यांची नावं झाली होती.

"चांगली?" ओजस उसळलाच. "थोरला भाऊ तीस वर्षं मधल्याशी बोललेला नाही. विहीर एक आणि पाण्याच्या पाळ्या दोन. मधल्याने थोरल्याच्या द्राक्षवेलींच्या बुडाशी मीठ ओतलंय. बेदाण्याला धुरी द्यायची बंद खोली आहे, आत गंधक जळतंय, बाहेरून कडी लागते. अहो, आणखी काय हवं खुनाला?"

"तेच म्हणते मी. मांडणी उत्तम आहे. पण चालवली की कुणी हात उचलत नाही. शिव्या देतात, दारं आपटतात आणि दुसऱ्या दिवशी जेवायला बसतात."

"मग यंत्र बिघडलंय तुमचं."

"यंत्र ठीक आहे. तुमच्या घरात काहीतरी खून होऊ देत नाहीये." यमुना थोडा विचार करून म्हणाली, "आपण एक-वजा तपासणी करू. एकेक पात्र काढून टाकायचं आणि उरलेलं घर पुन्हा हजार वेळा चालवायचं. सगळा भार कुणावर आहे ते कळतं."

ओजसला हे लगेच पटलं, कारण तो तासगावच्या बाजूच्या हातगिरी गावचा, द्राक्षबागेत वाढलेला. "आमच्याकडे ओळीच्या टोकाच्या खांबाला एक तिरकी तार असते," तो म्हणाला. "ती जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधलेली असते. बाग बघायला आलेला माणूस घड बघतो, पानं बघतो, तो दगड कुणाला दिसत नाही. तो उपसला तर त्या दिवशी काहीच होत नाही. घडांचं वजन वाढलं, की मग अख्खी ओळ आडवी."

"तसाच दगड शोधायचाय," यमुना म्हणाली.

ओजसच्या पात्रयादीत नऊ जण होते. तिघे भाऊ, दोघी जावा, एक पुतण्या, डॉक्टर आणि वकील मिळून आठ झाले. नवव्या पात्रापुढे त्याने एवढंच लिहिलं होतं: 'घरातली वयस्क चुलत बहीण. चहा आणते.'

डॉक्टरला काढलं. शून्य. वकिलाला काढलं. शून्य. पुतण्या, जावा, सगळे एकेक करून काढले आणि परत ठेवले. शून्य, शून्य, शून्य.

"आता नऊ नंबर," यमुना म्हणाली.

"तिला काढून काय होणार? तिला धड वाक्यं तरी आहेत का?" ओजस जांभई देत म्हणाला. "काढा. तेवढीच पानं वाचतील."

पाव तासाने पडद्यावर आकडा आला. आठशे एकाहत्तर.

यमुनेला वाटलं, काहीतरी चुकलं. तिने पुन्हा चालवून पाहिलं. आठशे अडुसष्ट. मग तिने पहिल्या फेरीतली खुन्यांची यादी काढली. थोरल्या भावाने खून केला होता तीनशे चाळीस वेळा, मधल्याने दोनशे एक्याण्णव वेळा, धाकट्याने दोनशे बारा वेळा आणि बाकीच्यांनी मिळून अठ्ठावीस वेळा. खुनी बदलत होता, खून चुकत नव्हता.

ओजसने ती यादी पुन्हा वरपासून वाचली. आयुष्यभर त्याने वाचकांना एकच प्रश्न घातला होता: खून कुणी केला? इथे त्या प्रश्नाला काही अर्थच उरला नव्हता. इथे विचारायचं होतं, की तो इतकी वर्षं कुणी होऊ दिला नाही.

"काका," यमुना हळूच म्हणाली, "या पात्रांच्या मनोप्रती तुम्ही कुठून आणल्या?"

मनोप्रत म्हणजे माणसाच्या स्वभावाची नक्कल. मेंदू उतरवून घेणं कुणाला जमलेलं नव्हतं, आणि त्याची गरजही पडली नाही. घरातली माणसं एकमेकांबद्दल अंदाज करतातच ना? 'बघ हं, आता ताट सरकवून उठेल,' असं आई म्हणते आणि बाबा खरंच ताट सरकवून उठतात. माणसाच्या बोलण्याचे पुरेसे नमुने मिळाले, की यंत्रही असंच शिकतं आणि त्या माणसासारखं चिडतं, अडतं, माघार घेतं. बाजारात काल्पनिक पात्रांच्या तयार प्रती मिळत. जिवंत माणसाची प्रत त्याच्या लेखी संमतीवाचून घ्यायला मनाई होती.

"घरातूनच," ओजस म्हणाला. "नावं बदलली होती मी."

ही चूक रहस्यकथा लिहिणाऱ्यानेच करावी. खोट्या माणसांच्या भांडणात जीव येत नाही म्हणून त्याने आपलं घर उचलून आणलं होतं. थोरला शौर्यदादा, मधला नाना म्हणजे अद्वैत आणि धाकटा तो स्वतः. बागेची वाटणी झाली तेव्हा दादा आणि नाना एकमेकांशी बोलायचे थांबले, ते थांबलेच. पण विहीर सामाईक, बेदाण्याची शेड सामाईक, राहतं घरही एकच; बोलल्यावाचून चालणार कसं? त्यातून त्या घराची एक रीत पडली. ज्याला जे म्हणायचं असेल ते त्याने फोनवर बोलून अक्काला पाठवायचं आणि अक्काने ते दुसऱ्याला आपल्या आवाजात कळवायचं. अक्का म्हणजे त्यांची चुलत बहीण इरा. लहानपणी आईवडील गेले तेव्हापासून ती याच घरात होती. आता बासष्ट वर्षांची. तीस वर्षांचे सगळे निरोप तिच्या फोनमध्ये साठलेले होते, आलेलेही आणि गेलेलेही. ओजसने 'जरा बोलण्याची ढब ऐकायला हवी' म्हणून ते मागितले आणि अक्काने काही न विचारता देऊन टाकले. यंत्राला सगळं घर आयतं मिळालं.

यमुनेने त्यातले चार निरोप ओळीने लावले.

पहिला दादाचा: "त्या नान्याला सांग, माझ्या पाळीत मोटार चालू केलीस तर हात तोडून ठेवीन."

मग अक्का, नानाला: "नाना, दादा म्हणतोय मोटार जरा दुपारपर्यंत थांबव. आणि तिथली वायर उघडी पडलीय, हाताला जप म्हणाला."

मग नाना: "जप म्हणाला? तो? नाटकं बास म्हणावं. मेलास तरी खांदा द्यायला यायचा नाही मी."

मग अक्का, दादाला: "नाना बरं म्हणाला. तुझा खांदा अजून दुखतोय का, विचारत होता."

यावर दादाचा एक शेवटचा निरोप होता. आधी नुसता श्वास ऐकू आला, मग तो पुटपुटला, "दुखतोय म्हणावं."

यमुना हसायला लागली आणि मध्येच थांबली.

"ही बाई कुठं जाणार तर नाही ना?" तिने विचारलं.

अक्का येत्या सोमवारी मालवणला जाणार होती. शाळेतली मैत्रीण निहारिका तिथे राहत होती. समुद्राजवळ घर होतं, दोन खोल्या रिकाम्या होत्या. दोघींनी मिळून लहानशी खानावळ काढायची, असं त्या पंधरा वर्षं बोलत होत्या. या खेपेला अक्काने तिकीटच काढलं होतं.

"हे खरं होईल असं यंत्र म्हणत नाही," यमुना घाईने म्हणाली. "तुम्ही कथेत विहीर आटवलीय. खऱ्या घरातली विहीर आटलेली नाही."

"दर उन्हाळ्यात आटते ती," ओजस म्हणाला. "आणि समजा मी भावांना हे सगळं सांगून टाकलं तर?"

यमुनेने तसं चालवून पाहिलं. खूनदर शून्य. ओजसने सुटकेचा श्वास सोडला, पण यमुनेने पुढचा तक्ता दाखवला. त्या हजारही वेळा अक्का घरातच राहिली होती. कुणी दटावलं नव्हतं, कुणी कोंडलं नव्हतं. सगळ्यांनी तिचा फक्त फार मान ठेवला होता.

"आणि तिच्या जागी मी निरोप पोचवले तर? मला तर सगळ्यांची बोली पाठ आहे."

हेही चालवलं. नऊशे चौसष्ट.

"हे कसं शक्य आहे?"

यमुना जरा अवघडली. "तुमची प्रत निरोप बदलत नाही, काका. उलट धार लावते. चांगलं वाक्य सापडलं, की तुम्हाला ते वाया घालवणं होत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ओजस अक्काच्या खोलीत गेला तेव्हा ती बॅग भरत होती. पलंगावर चार साड्या आणि तांदळाच्या कुरडयांचा डबा होता.

"मालवणात तांदूळ मिळत नाहीत का?" ओजसने विचारलं.

"मिळतात. पण त्यांना कुरडया येत नाहीत, असं निहारिका सांगते. बस. असा तोंड पाडून का आलास? खून झाला का तुझा?"

ओजसने तिला सगळं सांगितलं. अक्का साडीची घडी घालता घालता ऐकत होती. आकडा ऐकून तिने हातातली साडी खाली ठेवली.

"कोण मारतं कुणाला?"

"बदलतं ते. कधी दादा नानाला, कधी नाना दादाला."

"आणि तू?"

"दोनशे बारा वेळा."

"अगं बाई! कुणाला?"

"बहुतेक वेळा दादाला. माझ्या पुस्तकांना हसतो म्हणून."

"तेवढ्यावरून?" अक्का हसत सुटली. "म्हणून तर ते मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तू दर वेळी विचारायचास, दादाने वाचलं का, आणि मी सांगायची, रडला रे वाचताना."

"रडला नव्हता?"

"पहिलं पान वाचून म्हणाला, शेडमध्ये बेदाण्याखाली अंथरायला कागद कमीच पडलेत."

ओजसला राग यायला हवा होता, पण आला नाही. अक्का खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बाहेर दादा आणि नाना अंगणाच्या दोन टोकांना पाठ करून बसले होते आणि एकच वर्तमानपत्र, अर्धं अर्धं, वाचत होते. ते सकाळी अक्काच फाडून द्यायची.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "आकडा नव्हता माहीत, पण माहीत होतं. म्हणून तर पंधरा वर्षं गेली." मग ती पलंगावर बसली आणि बॅगेतली वरची साडी काढून बाजूला ठेवली. "निहारिकाला कळवते. काहीतरी कारण सांगते."

"तू जायला हवंस, अक्का."

"कशी जाऊ? तूच सांगतोस, आठशे एकाहत्तर." ती पुन्हा हसली, या वेळी कोरडं. "त्या तुमच्या यंत्रातल्या अक्कालाच बसवा म्हणावं निरोप सांगायला."

ती थट्टा करत होती. ओजस हसला नाही.

"होईल का तसं?" अक्काने विचारलं.

यमुनेने आधी ठाम नकार दिला. मग अक्का स्वतः सांगलीला आली, यमुनेच्या समोर बसली आणि तिने संमतिपत्रावर सही केली. बाकीच्यांच्या प्रती नियमाप्रमाणे तिच्यासमोर पुसून टाकल्या. पुसण्याआधी यमुनेने शेवटची फेरी घेतली: घरात अक्का नाही, पण निरोप अक्काची प्रत पोचवते. खूनदर शून्य आला. मग यमुनेने ती प्रत अक्काच्या जुन्या फोन नंबरला जोडली आणि अक्काने नवा नंबर घेतला.

"तिचं माझ्यासारखंच असणार का सगळं?" सही करताना अक्काने विचारलं होतं.

"तुमच्या बोलण्यात जे जे उतरलंय ते सगळं," यमुना म्हणाली. "कमी करायला आम्हाला येत नाही. एक धागा काढला तर दुसरा उसवतो."

"तिला भूक लागते का?"

"नाही, आत्या."

"मग बरं," अक्का म्हणाली.

सोमवारी सकाळी तिने दादाला आणि नानाला वेगवेगळं सांगितलं, की मैत्रिणीकडे चाललेय, थोडे महिने राहीन. दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत एकच प्रश्न विचारला: "फोन लागतो ना तिथं?"

लागत होता. अक्काच्या जुन्या नंबरवर दादाचा निरोप जाई, पलीकडून अक्काचा आवाज येई, आणि नानाचं उत्तर थोडं पुसून, थोडं गोड होऊन परत येई. छाटणी झाली, पाण्याच्या पाळ्या झाल्या, बेदाण्याचा हंगाम पार पडला. कुणाचा हात तुटला नाही. उलट दोघे भाऊ पूर्वीपेक्षा जास्त बोलू लागले, कारण ही अक्का कधी स्वयंपाकात नसे, कधी झोपलेली नसे. ओजसची कादंबरीही आली. त्याने पात्रयादीत आठच जण ठेवले, विहिरीत थोडं पाणी सोडलं आणि खूनदर दोनशे चाळीसवर आणला. लोकांना ती आवडली. दादाला आवडली की नाही, हे त्याने विचारलं नाही.

मालवणहून अक्का अधूनमधून ओजसला नव्या नंबरावरून फोन करायची. खानावळ चालली होती. ती आता मोठ्याने बोलू लागली होती. गिऱ्हाइकांशी भांडायलाही शिकली होती. एकदा तिला राहवलं नाही, म्हणून तिने दादालाच फोन लावला.

"काय झालं माहितीये?" तिने ओजसला सांगितलं. "मी म्हटलं, दादा, नानाच्या बाजूचा पाइप त्या वर्षी तूच फोडलास. मला तेव्हाच कळलं होतं. आता म्हातारा झालास, जाऊन त्याला सांगून टाक. तर ठेवलाच फोन!"

याची दुसरी बाजू दादाने ओजसला आधीच ऐकवली होती. दादाने लगेच जुन्या नंबरावर निरोप धाडला होता: 'अक्का, कुणी बाई तुझा आवाज काढून लोकांना फसवतेय. सांभाळून राहा.' आणि प्रतीने उत्तर दिलं होतं: 'असू दे रे दादा. तिचंही काहीतरी दुखत असेल.'

हे त्याने अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर आहे. मी असंच म्हटलं असतं." त्यानंतर तिने दादाला फोन केला नाही.

आठव्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, ओजसच्या फोनवर जुन्या नंबरावरून निरोप आला. तो दादाचा नव्हता, नानाचाही नव्हता.

"ओजस, एक सांगू? दमले रे मी. चार दिवस कुणाचं काही नको वाटतंय. दादाला नि नानाला तू बघशील का? रागावू नकोस. तुला जमणार नसेल तर राहू दे."

ओजस तडक सांगलीला गेला. "यंत्र दमतं का?" त्याने दारातूनच विचारलं.

"यंत्र कशाला दमेल?" यमुना म्हणाली. "अक्का दमतात. आपण अक्कांची प्रत घेतली. मी सांगितलं होतं, कमी करता येत नाही."

"म्हणजे तिला खरंच काही वाटतं, की ती नुसती तसं म्हणते?"

"ते मला सांगता येणार नाही, काका. तपासायचा मार्ग कुणाला सापडलेला नाही. तुम्हाला काही वाटतं, हेही मी तुमच्या बोलण्यावरूनच ठरवते."

"चार दिवस बंद ठेवलं तर काय होईल?"

"तेही सांगता येणार नाही. बाकीच्यांच्या प्रती आपण पुसल्या. आता जे होईल ते खऱ्या घरात होईल."

एप्रिल चालू होता. विहिरीने तळ गाठला होता. सकाळीच दादाने नानाला उद्देशून जे म्हटलं होतं ते ओजसने भिंतीआडून स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि निरोप सांगायला तो बसला तर काय होतं, हा आकडा त्याला पाठ होता.

"आणखी काही करता येतं?"

यमुनेने प्रतीची नोंद उघडली. "परतफेर करता येतो. म्हणजे प्रत जशी पहिल्या दिवशी होती तशी परत करायची. हे आठ महिने तिच्यापुरते झालेच नाहीत. दमणंही गेलं."

"तिला कळेल?"

"नाही."

"मग त्यात वाईट काय?"

यमुनेने कळफलक त्याच्यापुढे सरकवला. ओजस अक्काचा सख्खा नव्हता, पण संमतिपत्रावर जवळचा नातेवाईक म्हणून त्याचंच नाव होतं. तो दुपारपर्यंत त्या खुर्चीवर बसून होता. एकदा मालवणचा नंबर काढला आणि पुन्हा ठेवून दिला. अक्काला कळलं असतं तर ती संध्याकाळच्या गाडीने परत आली असती. मग त्याने कळ दाबली.

पुढच्या खेपेला निरोप आला तो डिसेंबरात. शब्द थोडे वेगळे होते, पण 'रागावू नकोस' तेच होतं. त्या वेळी ओजस सांगलीला गेला नाही, यमुनेला फोन करून परतफेर करायला सांगितलं. तिसऱ्या खेपेला तो बेदाण्याच्या शेडमध्ये उभा होता. निरोप त्याने पुरता ऐकलाही नाही. यमुनेला दोन शब्द लिहून पाठवले, हातातला चहा संपवला, आणि नानाचं म्हणणं दादाला कळवायचं राहिलं होतं म्हणून जुना नंबर लावला.

पलीकडून लगेच आवाज आला, ताजा आणि उत्साहाचा.

"हां ओजस, बोल रे. कुणाचा निरोप आहे?"